मागचं वजन

आमच्या गाडीला आवाज नाही,
म्हणून सोसायटीच्या मांजरी अजून तिच्या वाटेत झोपतात.
मी काच खाली करते, 'सरका गं बायांनो' म्हणते,
मग निघते.

रोजचं म्हणाल, तर तक्रार नाही.
मुलुंड ते ऐरोली, ऐरोली ते मुलुंड, मध्ये भाजी,
बुधवारी आईंची फिजिओथेरपी.
शुक्रवारी रात्री वायर लावली की पुढच्या गुरुवारपर्यंत विसरायचं.
चार्जरचा ठराव मंजूर व्हायला दीड वर्ष गेलं, ते वेगळं.
तळमजल्यावरच्या धुरंधरांना वाटायचं,
आमची गाडी रात्री त्यांच्या मीटरमधून
गुपचूप काहीतरी पिते.

मग ह्यांनी भांडुपच्या गाळ्यात
युनूस मिस्त्रींकडून ते घर करून घेतलं.
साडेसहाशे किलो. दोन चाकं. एक खिडकी.
पलंग घडीचा, उघडला की दार उघडत नाही.
बत्तीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर चढून
दुसऱ्यांच्या घरात आवाज पोचवल्यावर
माणसाला एक चालतं घर हवं असतं, म्हणे.

ह्यांच्या वहीत:
नुसती गाडी, तीनशे दहा किलोमीटर.
घर जोडून, एकशे सत्तर. वारा समोरून नसेल तर.
कसाऱ्याचा घाट, प्रश्नचिन्ह.
प्रश्नचिन्हाखाली दोन रेघा.

म्हणून नाशिक नंतर. आधी मढ.
ग्रेशस मिस्किटांच्या आवारात, सुकटीच्या वासात,
आम्ही घर टेकवलं.
रात्रभर घराने गाडीची वीज प्यायली:
पंखा, छोटा फ्रीज, ह्यांचा रेडिओ,
आणि एक दिवा, जो मी विझवला नाही,
कारण बटण पलंगाखाली होतं.
सकाळी गाडीत एकवीस टक्के.
'एकवीस पुष्कळ झाले,' हे म्हणाले,
आणि वही उघडली नाही.

गोरेगावला नऊ.
चार्जिंग एका मॉलच्या तळघरात,
दारावर पाटी: उंची दोन मीटर दहा.
आमचं घर अडीच.
मग रस्त्याच्या कडेला जोड सोडवला,
चाकांखाली विटा लावल्या,
हे गाडी घेऊन तळघरात गेले,
मी घर घेऊन रस्त्यावर राहिले.

सव्वा तास.
एकाने विचारलं, आधार इथेच का?
एक बाई चष्मा पुसत आल्या, डोळे फुकट तपासता ना?
मी म्हटलं, नाही, पण बसा, चहा टाकलाय.
हवालदार आला, घराभोवती एक चक्कर मारली,
नंबरप्लेट वाचली, पलंग पाहिला,
'रात्री झोप लागते?' एवढंच म्हणाला.
डब्यांची पोती पाठीला लावलेला एक पोरगा
स्कूटर टेकवून पाणी प्यायला.
त्याच्या बॅटरीच्या दोन दांड्या उरल्या होत्या,
अंधेरी, मग मरोळ, मग पुन्हा अंधेरी.
'मावशी, तुमचं बरंय,
संपलं तरी झोपायला जागा आहे.'
हसला, आणि गेला.
मला त्याचं नाव विचारायचं राहिलं.

परतताना पवईच्या पुढे उतार लागला.
मी पाय उचलला.
मागचं घर ढकलत होतं,
आपल्या सगळ्या वजनानिशी,
पातेली, पलंग, न विझलेला दिवा,
आणि काट्यावर, खरंच सांगते,
एक टक्का वाढला.
हे बघत राहिले. वाढलेला टक्का
विक्रोळीच्या सिग्नलला परत गेला,
पण तोवर वहीत लिहून झालं होतं:
उतार, अधिक एक.

आता घर युनूसभाईंच्या गाळ्याबाहेर उभं आहे,
दुपारी त्यांची पोरं त्यात अभ्यास करतात.
नाशिकचं अजून ठरायचंय.

सोमवारी आईंना रक्त तपासायला घेऊन निघाले.
ब्याण्णव टक्के. आरशात मागे नुसता रस्ता.
पाच रस्त्याला वळताना
मी वळण इतकं मोठं घेतलं
की मागचा रिक्षावाला ओरडला.
आईंनी विचारलं, काय झालं?
म्हटलं, काही नाही,
मागे घर आहे असं वाटलं.